‘कार्टून हीरोज’ बसवताना

कुठलंही गाणं स्टेजसाठी बसवायचं तर आधी खालचं अंग पकडावं लागतं. शब्द, चाल, गायिकेचा आवाज सगळं बाजूला ठेवायचं आणि नुसती किक आणि बेस ऐकायचा. वाद्यवृंदासाठी कीबोर्डवर ट्रॅक बांधणाऱ्यांना याची इतकी सवय होते की हेडफोन लावला की कान आपोआप तळाशी जातो. नव्वदीच्या आसपासच्या परदेशी गाण्यांचा कार्यक्रम करायचं ठरलं, तेव्हा यादीत अ‍ॅक्वा या गटाची दोन गाणी आली. एक १९९७चं ‘बार्बी गर्ल’, दुसरं २०००चं ‘कार्टून हीरोज’.

पहिल्यावर कुणी काही बोललंच नाही, ते हवंच होतं. दुसऱ्यावरून तालमीच्या खोलीत दोन तट पडले. ऑक्टोपॅड वाजवणारा मुलगा म्हणाला, “दादा, गाणं भारी आहे, पण लोक नाचणार कुठून कुठपर्यंत?” गायिकेचं म्हणणं उलट होतं : “दादा, बार्बी कुणीही गाईल. मला हे गायचंय.” गाणं आलं त्या वर्षी युरोपातही साधारण असेच दोन तट होते. डेन्मार्कमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये सातवर थांबलं. ज्या गटाची तिथली पहिली तिन्ही गाणी, ‘बार्बी गर्ल’, ‘डॉक्टर जोन्स’ आणि ‘टर्न बॅक टाइम’, एकामागून एक पहिल्या क्रमांकावर गेली होती, त्याच्यासाठी सातवा क्रमांक कमीच होता. गाणं पडलं असं म्हणता येत नाही, आणि जिंकलं असंही नाही. असं का झालं, हे दोन्ही गाण्यांचे थर सुटे करताना मला बरंचसं कळलं.

ही दोन्ही गाणी ज्या युरोडान्समधली, त्याचा साचा कागदावर अगदी सोपा दिसतो. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर किक. लय मिनिटाला बहुधा १२० ते १५० ठोक्यांची. किक पडते तिथे बेस गप्प राहतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत वाजतो. सगळी गंमत या फटीत आहे. किक पाय खाली दाबते, मधला बेस तो उचलतो, आणि ऐकणाऱ्याने ठरवलं नसलं तरी गुडघे हलू लागतात. त्यावर कीबोर्डची छोटी, डोक्यात घर करणारी धून, मुखड्याला मोठ्या गळ्याची गायिका आणि अंतऱ्याला पुरुषाचा रॅप. जर्मनीतले स्नॅप आणि कल्चर बीट, बेल्जियम-नेदरलँड्सचं टू अनलिमिटेड, इटलीतलं कोरोना या सगळ्यांनी याच मसाल्यावर अर्ध्या जगाला नाचवलं. आपल्याकडे ही गाणी कॅसेटवरून आणि नव्याने घरात आलेल्या संगीत वाहिन्यांवरून पोचली.

या धंद्यात खरा मालक बहुतेक वेळा स्टुडिओत बसलेला निर्माता असे. चेहरे बदलता येत. कोरोनाच्या ‘द रिदम ऑफ द नाइट’मध्ये पडद्यावर दिसते ओल्गा डी सूझा, आवाज मात्र जेनी बी हिचा आहे. टू अनलिमिटेडचं ‘नो लिमिट’ १९९३ साली ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, तेही तिथल्या आवृत्तीतून रॅप जवळजवळ सगळा कापून. पुढे त्या गटातले रे आणि अनिता बाहेर पडले, तेव्हा निर्मात्यांनी १९९८मध्ये दोन नव्या मुली आणून त्याच नावाने ‘वॉना गेट अप’ काढलं. साचा तोच होता, पण पूर्वीचा जोर परत आला नाही आणि ती जोडी लवकरच विरली. ओसरत्या काळातल्या गटांची पुढची गाणी बहुधा अशी असतात : जुनं यश पुन्हा घडवायची धडपड, जुन्याच माल-मसाल्यातून.

अ‍ॅक्वाने तसं केलं नाही, म्हणूनच त्यांचं पुढचं गाणं मला जवळून बघावंसं वाटलं. हे चौघे स्वतःचे मालक स्वतःच होते. सोरेन रास्टेड आणि क्लाउस नोरेन हे डॅनिश संगीतकार, रेने डिफ हा डीजे, आणि लेने ही नॉर्वेची गायिका. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये ये-जा करणाऱ्या फेरीबोटीवर ती गात असे, तिथे रेनेने तिला ऐकलं. आधी ‘जॉयस्पीड’ नावाने त्यांनी १९९४ मध्ये एक गाणं काढलं, त्याचं फारसं काही झालं नाही. नाव बदललं, १९९६ मध्ये ‘रोझेस आर रेड’ डेन्मार्कमध्ये गाजलं आणि पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅक्वेरियम’ हा अल्बम आला. बार्बीची कल्पना सोरेनला एका प्रदर्शनात मांडलेल्या बाहुल्या पाहून सुचली होती.

‘बार्बी गर्ल’ सुटं करायला बसलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते त्यातलं रिकामपण. लय १३०च्या आसपास, सुरावट मायनरमधली. इतकं हसरं गाणं मायनरमध्ये आहे हे सांगितलं तर अनेकांना पटत नाही, पण त्या किंचित करड्या छटेमुळेच ते नुसतं बालगीत होत नाही. थर मोजके आहेत. लेनेचा टिपेचा आवाज आणि रेनेचा खर्जातला आवाज यांच्यात सवाल-जवाब चालतो आणि दोघांच्या मध्ये भरपूर हवा आहे. ज्याला इंग्रजी येत नाही तोही पुरुषाच्या ओळीची जागा अचूक ओळखतो. कार्यक्रमात माइक नुसता लोकांकडे वळवायचा, बाकीचं ते करतात. नाचणाऱ्याला गाण्यात शिरायला दार लागतं आणि या गाण्याला चहूकडून दारं आहेत. पोरकट म्हणून त्याला कितीही नावं ठेवली गेली, तरी इतकी काटकसरीची बांधणी जमवणं फार अवघड असतं. मी हे पूर्ण आदराने लिहितो आहे.

मग ‘कार्टून हीरोज’. इथे सुरुवातीला किकच नाही. तंतुवाद्यांचा मोठा पट उघडतो, गाणं हळूच पुढे येतं आणि ठेका बराच वेळ रोखून धरलेला असतो. थेट सिनेमाच्या पडद्यावरून उतरल्यासारखी ही सुरुवात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण ठेक्यावरून ठेक्यावर उडी मारून गाणी जोडणाऱ्या डीजेला इथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. म्हणून तर डीजेंसाठी सुरुवातीला नुसता ठेका लांबवलेल्या वेगळ्या आवृत्त्या काढतात. किक आल्यावर मात्र गाणं धावतं, आणि मुखडा येतो तो एकट्या गायिकेचा नाही, अख्ख्या समूहाचा.

तो समूह उभा करताना माझी खरी परीक्षा झाली. गायिकेला तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची, प्रत्येक वेळी माइकपासूनचं अंतर किंचित बदलायचं, कधी षड्जावर ठेवायचं, कधी वरच्या शुद्ध गंधारावर, आणि सगळे आवाज एकमेकांवर रचायचे. थर वाढत गेले तसा आवाज रुंद झाला, छाती भरून आली, आणि त्याच वेळी बेस गायब झाला. तंतुवाद्यांचा खालचा भाग आणि समूहाचा मधला भाग मिळून नेमकी तीच फट बुजवतात जिच्यातून युरोडान्स श्वास घेतो. मग इक्वलायझरवर तंतुवाद्यांचा तळ कापायचा. किक पडताच बाकी सगळं क्षणभर दाबलं जाईल अशी साइडचेन लावायची. तळ फार कापला तर मोठेपणा जातो, कमी कापला तर पाय उचलत नाहीत. सकाळच्या ताज्या कानांनी एक तोल बरोबर वाटे, संध्याकाळी तोच खोटा वाटे. ऑक्टोपॅडवाल्या मुलाने पहिल्याच दिवशी बोट ठेवलं होतं ते याच जागेवर.

शब्दांतही हाच फरक आहे. ‘बार्बी गर्ल’ मी आणि तू यांचं गाणं आहे, ‘कार्टून हीरोज’ आम्ही लोकांचं. कुणाच्या तरी वेड्या डोक्यातून निघालेली, कागदावर चालणारी, सुपरमॅन आणि स्पायडरमॅनच्या जातकुळीची पात्रं इथे स्वतःबद्दल अभिमानाने बोलतात. १९९७ पासून अ‍ॅक्वावर टीका व्हायची ती एकच : ही माणसं नाहीत, कार्टून आहेत. भडक कपडे, चिरका आवाज, प्लास्टिकची दुनिया. या गाण्यात त्यांनी तो आरोप नाकारला नाही, उचलून डोक्यावर घेतला. काढणाऱ्याचा हात थकतो, चित्रातलं पात्र मात्र तसंच राहतं, हा विचार एका नाचाच्या गाण्यात आणि एवढ्या थाटात मांडणं ही मला मोठी गोष्ट वाटते. कृत्रिम म्हणून ज्यांना हिणवलं गेलं त्यांनी कृत्रिमतेच्या बाजूने इतकं मनापासून गावं, असं पॉप संगीतात वारंवार घडत नाही.

त्या वेळी या विषयाला आणखी एक धार होती. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने १९९७ मध्येच ‘बार्बी गर्ल’वरून अ‍ॅक्वाच्या रेकॉर्ड कंपनीवर अमेरिकेत खटला भरला होता. ‘कार्टून हीरोज’ आलं तेव्हा तो अपिलात चालूच होता. निकाल लागला २००२ मध्ये. न्यायमूर्ती अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांच्या निकालाने ‘बार्बी गर्ल’ला विडंबन म्हणून अभिव्यक्तीच्या संरक्षणाखाली ठेवलं, आणि शेवटी दोन्ही बाजूंना जरा शांत व्हा असं सुचवलं. दुसऱ्याच्या मालकीच्या बाहुलीवर गाणं केलं म्हणून तक्रार चालू असताना या मंडळींनी पुढचं गाणं पुन्हा दुसऱ्यांच्या मालकीच्या नायकांची नावं घेऊन केलं. या हिमतीची दखल त्या वेळी फार कमी घेतली गेली. पुढे २००९ मध्ये मॅटेलनेच आपल्या जाहिरातीसाठी ‘बार्बी गर्ल’ शब्द बदलून वापरलं.

‘कार्टून हीरोज’चा व्हिडिओ पेडर पेडरसन यांनी केला. ‘बार्बी गर्ल’च्या दिग्दर्शनातही ते होते. पण तिथे दोन-तीन गुलाबी सेट आणि चार चेहरे पुरले होते. इथे समुद्राचा तळ आहे, राक्षसी ऑक्टोपस आहे आणि सुपरहीरोंच्या वेशातले चौघे. देखावा देखणा आहे, फक्त चेहऱ्यांसाठी त्यात फार वेळ उरत नाही. ध्वनीत जे झालं तेच चित्रातही झालं : वाढलं सगळंच, आणि आत शिरायच्या वाटा कमी झाल्या.

बाहेरचा काळही बदलला होता. १९९७ मध्ये युरोपच्या नाचघरांत हा ठेका अजून घरचा होता. २००० पर्यंत क्लबमध्ये ट्रान्स आलं होतं, ब्रिटनमध्ये गराज जोरात होतं, आणि शाळकरी मुलांच्या कानांवर स्टॉकहोमच्या शेरॉन स्टुडिओत घडलेली ब्रिटनी स्पिअर्स आणि बॅकस्ट्रीट बॉइजची गाणी होती. ज्या मुलांनी तीन वर्षांपूर्वी बार्बीवर उड्या मारल्या, ती आता तेरा-चौदा वर्षांची होऊन असल्या गाण्यांपासून मुद्दाम चार हात लांब राहू लागली होती. त्यांना हे गाणं लहान मुलांचं वाटलं. लहान मुलांना ते जरा जड गेलं. संगीताकडे लक्ष देऊन ऐकणाऱ्या काहींना ते गटाचं सर्वांत पक्व काम वाटलं, मलाही वाटतं. ‘कार्टून हीरोज’ ज्या ‘अ‍ॅक्वेरियस’ अल्बममधलं, त्याच अल्बमवर कंट्रीचा बाज असलेलं ‘फ्रीकी फ्रायडे’ आणि लॅटिन ढंगाचं ‘क्युबा लिब्रे’ही आहे. आपल्या साच्यातून बाहेर पडायची त्यांची इच्छा उघड दिसते. पुढचं ‘अराउंड द वर्ल्ड’ ब्रिटनमध्ये २६ व्या क्रमांकावर अडलं. मे २००१ मध्ये कोपनहेगनला झालेल्या युरोव्हिजनच्या मध्यंतरात अ‍ॅक्वा गायले आणि त्याच वर्षी गट फुटला. काही वर्षांनी ते पुन्हा एकत्र आले. २०११ मध्ये ‘मेगालोमेनिया’ हा अल्बमही काढला.

आमच्या कार्यक्रमासाठी शेवटी काही निर्णय घ्यावे लागले. संथ सुरुवात पूर्ण ठेवली. गायिकेचा आग्रह होता आणि तो बरोबर होता, कारण ती सुरुवात काढली तर मागे राहतो तो नुसता एक वेगवान मुखडा. अंतऱ्यात तंतुवाद्यं जवळजवळ गाळली, तिथे फक्त किक, बेस आणि ऑक्टोपॅडवरची उघडी हाय-हॅट ठेवली, म्हणजे दोन ओळी तरी पायांना मोकळ्या मिळतील. समूहाचे आवाज सगळे ट्रॅकवर न टाकता दोन कोरस गायिका स्टेजवर उभ्या केल्या. रेनेच्या खर्जातल्या ओळी निवेदकाला दिल्या, त्याला त्या मनापासून आवडल्या. कार्यक्रमातली जागा ठरवताना मात्र ऑक्टोपॅडवाल्याचं ऐकलं. ‘बार्बी गर्ल’ शेवटी, लोक खुर्च्या मागे सारून उभे राहतात त्या घाईत. ‘कार्टून हीरोज’ मध्यंतरानंतर पहिलं, चहा पिऊन मंडळी नुकती जागेवर येऊन बसलेली असतात तेव्हा. त्या वेळी कुणाकडून नाचाची अपेक्षा नसते, दिवे मंद असतात, आणि तंतुवाद्यांना उघडायला हवा तेवढा वेळ मिळतो.