हिवाळ्यातील खोकला आणि ‘ड’ जीवनसत्त्व

थंडीची चाहूल लागताच घरोघरी बालकांचा खोकला सुरू होतो आणि पाठोपाठ सल्लाही येतो, ‘ड’ जीवनसत्त्व द्या, सर्दी फिरकणार नाही. ही समजूत अगदीच निराधार नव्हे. मुडदूस झालेल्या बालकांना न्यूमोनिया अधिक होतो, हे वैद्यकास परिचित आहे. प्रश्न इतकाच, की मात्रा दिल्याने तो टळतो काय?

याची कसोटी काबूल शहरात लागली. न्यूमोनिया झालेल्या बालकांना १ लाख युनिटची एकच मात्रा दिली असता पुढील तीन महिन्यांत तो कमी वेळा उलटला, असे एका छोट्या अभ्यासात दिसले होते. आशा वाढली. मग ३,००० हून अधिक तान्ह्या बालकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना १८ महिने दर तीन महिन्यांनी १ लाख युनिट, उरलेल्यांना निष्क्रिय द्रव. २०१२ साली निष्कर्ष आला: पहिल्या न्यूमोनियाच्या प्रमाणात काहीच फरक नाही. पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया तर औषध घेणाऱ्यांतच अधिक आढळला!

मंगोलियातही तेच घडले. जीवनसत्त्वयुक्त दुधाने शाळकरी मुलांची सर्दी निम्म्यावर आल्याचे प्रथम दिसले. पुढे ८,८५१ मुलांच्या तीन वर्षांच्या चाचणीत तो लाभ टिकला नाही.

म्हणून हे जीवनसत्त्व टाकाऊ ठरत नाही. पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट थेंबांतून देतात, ते हाडांसाठी. (कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते, आणि ‘ड३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते, शाकाहारी कुटुंबांनी औषध घेताना विचारून घ्यावे.) मात्र ६०,००० युनिटची पुडी वैद्यांच्या सल्ल्यावाचून मुलास देऊ नये. आठवड्याची मात्रा चुकून रोज दिली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते.

न्यूमोनियापासून खरे संरक्षण लसींचे आहे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते. खोकणाऱ्या मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास भरल्यास, किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असल्यास, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोजताना मूल शांत असावे. रडत्या मुलाची मोजणी फसवी ठरते.