साइट फोनवर उघडते, पण चालते का?

न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकण्याआधी फोनवर येतं. गाडी पार्किंगमध्ये उभी, मागच्या सीटवर पोर कुरकुरतंय आणि एका हातात फोन धरून शोध चाललाय की चकली पाउंडाला केवढ्याला आहे. दुकानाची साइट मात्र बहुधा कुणा भाच्यानं लॅपटॉपवर बसून केलेली असते आणि मालकांनीही ती लॅपटॉपवरच पाहून पसंत केलेली असते. छोट्या धंद्यांच्या साइटबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

‘फोनवर उघडते ना? मग झालं!’

उघडते, कारण ब्राउझर सांभाळून घेतो. 2007 साली पहिला आयफोन आला तेव्हा बहुतेक साइट डेस्कटॉपच्या मापानं बांधलेल्या होत्या आणि या फोनचा पडदा होता अवघा 320 पिक्सेल रुंद. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरनं मग एक युक्ती केली. पडदा 980 पिक्सेलचा आहे असं धरून पान मांडायचं आणि नंतर ते अख्खं आकसून दाखवायचं. पानाच्या कोडमध्ये ‘पडद्याची खरी रुंदी धर’ असं ब्राउझरला सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ नसेल, तर फोन आजही हेच करतो. अक्षरं मुंगीएवढी होतात, मग दोन बोटांनी ताणा, डावीकडे सरका, उजवीकडे सरका.

यावरचा उपाय ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरनं मे 2010 मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकातल्या लेखात मांडला. रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत धरा, चित्रांना आपल्या चौकटीत आकसू द्या आणि पडदा लहान झाला की मांडणी बदलण्याचे नियम आधीच लिहून ठेवा. ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव तिथूनच रूढ झालं. गंमत अशी की 1991 सालचं वेबचं पहिलं पान कुठल्याही रुंदीत आपोआप बसतं. नुसता मजकूर आणि दुवे होते ते. रुंदी ठोकून बसवायची खोड नंतरच्या लोकांची.

या खोडीचा सगळ्यात चिवट नमुना म्हणजे पीडीएफ मेन्यू. केटरिंगवाले छपाईसाठी केलेली फाइल तशीच साइटवर चढवतात. ती साडेआठ बाय अकरा इंची कागदासाठी मांडलेली असते, तीही दोन रकान्यांत. फोनवर पुरणपोळी डावीकडे दिसते, तिची किंमत पार उजव्या कडेला, आणि ताणून मोठं केलं की दोन्ही एकदम दिसत नाहीत. हाच मेन्यू साध्या मजकुरात पानावर लिहिला तर वाचताही येतो, गूगललाही नीट सापडतो. एवढं एकच काम करायचं असेल तर हे करा, बाकीचं मागाहून.

‘मोबाइलसाठी मजकूर कमी ठेवावा’

हा सल्ला एके काळी बरा होता, आता अंगाशी येतो. गूगलनं नोव्हेंबर 2016 मध्ये जाहीर केलं की यापुढे साइटची मोबाइल आवृत्तीच मुख्य मानली जाईल. हे स्थित्यंतर पूर्ण झाल्याचं त्यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं आणि मागे उरलेल्या थोड्या साइटही जुलै 2024 पासून फोनच्याच नजरेनं तपासायचं ठरवलं. एखाद्या मराठी रिअल इस्टेट एजंटनं ‘फोनवर गर्दी नको’ म्हणून आपण काम करतो त्या गावांची यादी मोबाइलवरून काढून टाकली, तर गूगलच्या लेखी ती यादी नाहीच. लपवण्यापेक्षा घडी घाला. मथळ्यावर टिचकी मारली की उघडणारा मजकूर मोबाइलच्या पानावर पुरता धरला जातो.

याचं दुसरं टोक म्हणजे ‘मोबाइल-फ्रेंडली केली की साइट वर येते’ ही समजूत. एप्रिल 2015 मध्ये गूगलनं मोबाइलस्नेही पानांना झुकतं माप देणारा बदल केला, तेव्हा ‘मोबाइलगेडन’ म्हणून बरीच घबराट झाली होती. पण तो अनेक निकषांपैकी एक निकष होता आणि आजही तसाच आहे. साइट पास की नापास सांगणारी गूगलची ती प्रसिद्ध चाचणीही डिसेंबर 2023 मध्ये बंद झाली. तेव्हा ‘गूगल-पास साइट करून देतो’ असं कुणी सांगत असेल, तर कुठल्या चाचणीत पास, हे आधी विचारा.

‘लोक फोनवर नुसतं बघतात, खरेदी कॉम्प्युटरवरच’

अडोबीच्या आकडेवारीनुसार 2023 च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सणासुदीत अमेरिकेतल्या ऑनलाइन खरेदीत मोबाइलचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला. शिवाय प्यू रिसर्च सेंटरच्या 2021 च्या पाहणीत सुमारे 15 टक्के प्रौढ अमेरिकन असे आढळले, ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे पण घरी ब्रॉडबँड नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर जाऊन खरेदी करावी म्हणजे नेमकं कुठे जाऊन?

‘अमेरिकेत नेट सुसाट आहे, फोटो कितीही मोठे चालतात’

थोडं गणित करू. फोननं काढलेला 12 मेगापिक्सेलचा फोटो 4032 बाय 3024 पिक्सेलचा असतो. आयफोन 12 चा पडदा उभा धरला तर 1170 पिक्सेल रुंद. म्हणजे तो फोटो पूर्ण रुंदीत दाखवायला दहा लाखांच्या आसपास पिक्सेल पुरतात आणि आपण सव्वा कोटी पाठवतो, बारा पट. चार-पाच फोटो एकापाठोपाठ सरकवणारी पट्टी पानाच्या माथ्यावर बसवली असेल तर हिशेब पुढे तुम्हीच करा. (ती पट्टी मालकांना फार आवडते. गिऱ्हाईक दुसऱ्या फोटोपर्यंत थांबतं का, हा प्रश्न वेगळा.) पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची मोजपट्टी आहे. फोटो दोन-तीन मापांत ठेवून वेबपीसारख्या हलक्या स्वरूपात दिले की तिथवर पोचणं अवघड नाही.

फोटोंखेरीज चॅटची खिडकी, ‘दहा टक्के सूट, ईमेल द्या’ म्हणत अख्खा पडदा अडवणारी पाटी आणि माग काढणारे चार-पाच कोड असतातच. हे सगळं फोनच्या प्रोसेसरला दळावं लागतं, त्यामुळे नेट कितीही वेगवान असलं तरी स्वस्तातला फोन अडखळतो. पडदा अडवणाऱ्या पाट्यांना तर गूगलनं जानेवारी 2017 पासून खालचा नंबर द्यायला सुरुवात केली.

‘झूम बंद केलं की मांडणी नीटनेटकी राहते’

मांडणी राहते, चाळिशी लागलेलं गिऱ्हाईक राहत नाही. 2016 पासून आयफोनची सफारी झूमवरची असली बंदी जुमानतच नाही, पण तेवढ्यावर विसंबू नये. वेब सुगम्यतेच्या 2018 च्या निकषांनुसार पान 320 पिक्सेल रुंदीतही आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे आणि अक्षरं दुप्पट मोठी केली तरी मजकूर हरवता कामा नये.

अमेरिकेत हा नुसता चांगुलपणाचा मामला नाही. साइट आणि अ‍ॅप स्क्रीन-रीडरनं वापरता येत नाहीत म्हणून एका अंध ग्राहकानं डॉमिनोजवर खटला भरला होता. अपंगांच्या हक्कांचा 1990 चा कायदा कंपनीच्या साइटला आणि अ‍ॅपलाही लागू होतो, असं नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये अपील ऐकायला नकार दिला. सगळ्याच सर्किट न्यायालयांचं यावर एकमत नाही, पण ते होईपर्यंत वाट पाहणं छोट्या दुकानदाराला परवडणारं नाही.

बटणंही सगळ्यांना दाबता येतील अशी हवीत. अ‍ॅपल 44 पॉइंटांचं बटण सुचवतं, अँड्रॉइड 48 चं. अंगठा जाड असणं हा गिऱ्हाइकाचा दोष नव्हे.

‘मराठी मथळा टाकला की झाली द्विभाषिक साइट’

महाराष्ट्र मंडळं, नाट्यसंस्था, पोळी-भाजी केंद्रं, सगळ्यांना साइटवर मराठी हवी असते, आणि हवीच. पण इंग्रजीसाठी बेतलेली मांडणी देवनागरीला छळते. अक्षरांमध्ये जागा सोडायची फॅशन रोमन मथळ्यांना शोभते. मराठीत तिनं शिरोरेषा तुटते आणि ‘स्वागत’ दातपडक्यासारखं दिसतं. दोन ओळींतलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा रुकार खालच्या वेलांटीवर आदळतो. यावर उतारा म्हणून मथळ्याचं चित्र करून टाकू नका. ते फोनवर बारीक होतं, आणि वर्णनाचा मजकूर जोडला नसेल तर स्क्रीन-रीडरला मुकं. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ गूगल फाँट्सवर फुकट मिळतो. तो घ्या आणि ओळींना इंग्रजीपेक्षा जास्त श्वास घेऊ द्या.

‘लॅपटॉपवर खिडकी आकसून पाहिली, ठीक आहे’

मांडणीपुरतं ठीक. पण लॅपटॉपवर बोट नसतं, माउसचं टोक असतं, आणि कीबोर्ड पडद्यावर चढून बसत नाही. फॉर्ममधली अक्षरं 16 पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोन रकान्यावर बोट टेकताच पान आपणहून मोठं करतो आणि उजवी कड बाहेर जाते. फोन नंबरच्या रकान्याला आकड्यांचा कीबोर्ड दिलेला नसेल तर गिऱ्हाईक एबीसीडीतून वाट काढत बसतं. दुकानाचा नंबर चित्रात छापला असेल तर बोट लावून फोन लागत नाही, तो पाठ करून डायल करावा लागतो. वायफाय बंद करून, साध्या फोनवर, अंगठ्यानं दोन पाउंड चकलीची ऑर्डर शेवटपर्यंत देऊन पाहा. पत्ता टाकायला कीबोर्ड वर आला की ‘ऑर्डर द्या’ हे बटण त्याच्यामागे जातं का, ते तिथेच कळतं.