दप्तराची सामाईक यादी : अल्प खर्चांत संगणकावर कशी ठेवावी

कागदपत्रांचा संग्रह बाळगणाऱ्या लहान संस्थांतून यादी संगणकावर घेण्याचें काम आतां बहुतेक ठिकाणीं सुरू झालेलें दिसतें. एकच मनुष्य एकाच संगणकावर नोंदी करीत असतो तोंपर्यंत विशेष अडचण पडत नाहीं. परंतु मोडी वाचणारे दोघे, नोंदी करणारा एक व अभ्यासकांस कागद काढून देणारा एक, असे चौघे त्याच यादीवर काम करूं लागले म्हणजे एका यादीच्या चार याद्या होतात, आणि त्यांपैकीं खरी कोणती हें सहा महिन्यांनीं कोणासच सांगतां येत नाहीं. जुन्या पोथ्यांच्या प्रतींत पाठभेद आढळले तर ते जुळवून मूळ पाठ शोधणें हें आपलें कामच आहे. पण स्वतःच्या यादीवर तो प्रसंग यावा हें शोभत नाहीं. ज्या कागदाची नोंद पुसली गेली, तो रुमालांत असूनहि नसल्यासारखाच होय.

नेहमींचा मार्ग म्हणजे एक्सेलची फाइल सामाईक फोल्डरांत ठेवणें. एकानें ती उघडली कीं दुसऱ्यास ती केवळ वाचण्यापुरती मिळते. मग तो आपली निराळी प्रत काढून तींत भर घालतो. मायक्रोसॉफ्टचें ॲक्सेस (पहिली आवृत्ति इ. स. १९९२) याहून बरें. त्यांत अनेकांस एका वेळीं लिहितां येतें. कंपनीनें सांगितलेली मर्यादा २५५ जणांची आहे, पण ती कागदावरचीच समजावी. फाइल २ गिगाबाइटांहून मोठी होऊं शकत नाहीं. म्हणून कागदांचीं छायाचित्रें तींत न घालतां निराळीं ठेवावीं व नोंदींत त्यांचें नांव मात्र लिहावें. तरीहि मुख्य दोष उरतोच. प्रत्येक संगणक दुरून त्या एकाच फाइलींत स्वतः हात घालीत असतो. लिहितां लिहितां बिनतारी जोडणी क्षणभर तुटली तर फाइल अर्धवट राहते, व कधीं कधीं उघडेनाशी होते. एस्क्यूलाइट हें साधन फुकट व उत्तम आहे, आणि एकट्या संग्राहकास त्याहून सोईचें क्वचितच मिळेल. पण जाळ्यावरील फोल्डरांत ठेवून अनेकांनीं तें वापरण्यांत धोका आहे असा इशारा त्याच्या कर्त्यांनींच देऊन ठेविला आहे.

यावर उपाय आपल्या परिचयाचाच आहे. सुव्यवस्थित दप्तरखान्यांत ज्यास रुमाल हवा तो स्वतः मांडणीपर्यंत जात नाहीं. मागणी करतो, आणि दप्तरदार रुमाल काढून देतो. संगणकांतहि असा दप्तरदार नेमतां येतो. त्यास सर्व्हर म्हणतात. फाइलीस स्पर्श करण्याचा अधिकार त्या एकट्याचा; बाकीचे त्याच्याकडे मागणी धाडतात. पोस्टग्रेस व मारियाडीबी हे असे दोन सर्व्हर विनामूल्य मिळतात. पहिल्याचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९८६ सालच्या प्रकल्पांत आहे. दुसरा २००९ सालीं मायएस्क्यूएलपासून फुटून निघाला. चारपांच माणसांच्या कचेरीस कोणताहि पुरे. प्रस्तुत लेखकाचा कल पहिल्याकडे आहे. यासाठीं नवा संगणक नको. कोपऱ्यांत पडलेला जुना संगणक लिनक्स घालून चालतो. मात्र त्याची डिस्क नवी घ्यावी, तो राउटरास तारेनें जोडावा, व वीज गेल्यावर कांहीं मिनिटें तग धरील असा यूपीएस त्यास द्यावा. नोंदींचा फॉर्म ब्राउझरांत उघडेल असा एकदां जाणकाराकडून करून घ्यावा. दरमहा माणशीं भाडें आकारणाऱ्या सेवा आरंभीं स्वस्त वाटतात. पण वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचें एखादें वर्ष ओढगस्तीचें गेलें तर यादी परक्याच्या कुलुपांत अडकते.

वीज मध्येंच गेली तर काय, या शंकेचें उत्तर आपल्या जमाखर्चाच्या पद्धतींतच आहे. सर्व्हर जें लिहिणार तें प्रथम आपल्या रोजकीर्दींत टिपतो आणि खतावणी मागाहून करतो. खतावणी अर्धी राहिली तर पुन्हां चालू होतांच रोजकीर्द पाहून ती पुरी करतो. रोजकीर्दींतच व्यवहार पुरा झालेला नसेल तर तो झालाच नाहीं असें धरतो.

सर्व्हर आला म्हणजे सर्व साधलें असें मात्र नव्हे. समजा, ४१२ क्रमांकाची नोंद दोघांनीं एकाच वेळीं उघडली. एकानें ‘अर्बा तिसैन मया व अलफ’ याची फोड सुहूर सन ११९४, म्हणजे इ. स. १७९३-९४, अशी करून ती जतन केली. दुसऱ्यानें पत्रलेखकाचें नांव सुधारलें व पांच मिनिटांनीं नोंद सबंध जतन केली. त्याच्या पडद्यावर सनाचा रकाना अद्याप रिकामाच होता. त्यामुळें पहिल्याचें काम निमूटपणें पुसलें गेलें. यंत्रानें तक्रार केली नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें वावगें कांहींच घडलें नव्हतें. यासाठीं प्रत्येक नोंदीस आवृत्तीचा एक अंक ठेवावा. जतन करतांना फॉर्मनें सर्व्हरास सांगावयाचें कीं, नोंद उघडली तेव्हांचाच अंक अजून असेल तरच लिही, आणि अंक एकानें वाढीव. अंक बदललेला आढळला तर नोंद पुन्हां उघडून पाहावी लागते, एवढाच त्रास. शिवाय जुना पाठ, नवा पाठ, बदलणाऱ्याचें नांव व वेळ हीं निराळ्या कोष्टकांत आपोआप उतरावींत. नोंद खोडण्याचा अधिकार कोणासच नसावा. ‘रद्द’ अशी खूण करावी. सर्वजण एकाच नांवानें प्रवेश करूं लागले तर हा सारा बंदोबस्त व्यर्थ होय.

मूळ मिति कागदावर असेल तशी एका रकान्यांत व काढलेली इसवी तारीख दुसऱ्यांत असावी, हें या वाचकांस सांगावयास नको. लिपीसंबंधीं मात्र एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. ‘कऱ्हाड’ हें नांव कोणी ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षर घेऊन उमटवितो, तर कोणी साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्हीं सारखींच दिसतात. यंत्रास तीं भिन्न. एकाचा शोध घेतला तर दुसऱ्यानें लिहिलेले कागद सांपडत नाहींत. जतन होतांना सर्व्हरकडूनच दोहोंचें एक रूप करवून घ्यावें. तसेंच, अर्धवट सोडलेल्या नोंदीचा क्रमांक पोस्टग्रेस पुन्हां वापरीत नाहीं; यादींत ५१७ नंतर ५१९ आला म्हणून कागद चोरीस गेला असें समजूं नये. रुमाल, पुडकें व कागद यांचे क्रमांक माणसानेंच ठरवून निराळ्या रकान्यांत भरावे.

राहतां राहिली नकलेची गोष्ट. चालू सर्व्हरच्या फाइली नुसत्या उचलून केलेली नक्कल विश्वासार्ह नसते. सर्व्हराबरोबर मिळणाऱ्या आज्ञेनेंच (पोस्टग्रेसमध्यें तिचें नांव पीजी-डंप) ती रोज रात्रीं घ्यावी, आणि आठवड्याची एक नक्कल इमारतीबाहेर, नदीपासून दूर, एखाद्या सभासदाच्या घरीं असावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटून मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें, तें जुन्या मंडळींस अजून आठवतें. दर तीन महिन्यांनीं ती नक्कल दुसऱ्या संगणकावर चढवून पाहावी, आणि कोणतेहि दहा रुमाल काढून त्यांतील कागद नोंदींशीं ताडून घ्यावे.