आडव्या बाटलीची मतपत्रिका

या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसते आणि पक्षाचे चिन्हही नसते. दोनच चित्रे असतात : एक उभी बाटली, एक आडवी बाटली. गावातले परवान्याचे दारू दुकान चालू राहावे असे जिला वाटते, तिने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा. ते बंद व्हावे असे जिला वाटते, तिने आडव्या बाटलीवर. बायकांनी मागितलेल्या या मतदानाच्या रांगेत बायकाच असतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांत स्त्रियांच्या संघटनेच्या हाती जी थोडी कायदेशीर हत्यारे आली, त्यांतले हे सर्वांत धारदार आणि चालवायला सर्वांत अवघड.

दारूचाच प्रश्न घेऊन गावोगावच्या बायका का एकत्र येतात, याला कारण आहे. घरातली मारहाण हा ज्याच्या-त्याच्या घरचा मामला समजला जातो. शेजारीण मध्ये पडली तर तिलाच चार शब्द ऐकावे लागतात. दुकान मात्र चव्हाट्यावर असते. त्याच्याविरुद्ध बोलताना नवऱ्याचे नाव घ्यावे लागत नाही. त्यामुळे जी बाई मारहाणीची तक्रार घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही, ती दुकानाविरुद्धच्या अर्जावर सही करते. सह्या गोळा करायला निघालेल्या बायका मग ओट्यावर बसून एकमेकींना घरातले सांगू लागतात. मजुरीचे पैसे कुठे जातात, रात्री काय होते, मुलांची शाळा का सुटली, हे सारे त्या बोलण्यात येते. आपल्या एकटीचे म्हणून सोसलेले दुःख साऱ्या आळीचे आहे, हे तिथे कळते. खेड्यातल्या स्त्रीवादाची सुरुवात अनेकदा अशी झाली आहे.

आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात हेच घडले. साक्षरता मोहिमेत रात्रीच्या वर्गांना येणाऱ्या बायका दारूमुळे होणाऱ्या नासाडीचे धडे वाचता वाचता बोलू लागल्या. १९९२ मध्ये दूबगुंटा गावच्या बायकांनी अरक म्हणजे देशी दारू विकणारी दुकाने बंद पाडली. रोसम्मा हे त्यातले ठळक नाव. आंदोलन राज्यभर पसरले. १९९३ मध्ये अरकावर बंदी आली आणि १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी. पण १९९७ मध्ये सरकारने ती सैल केली.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या साथीने उभ्या राहिलेल्या दारूमुक्ती आंदोलनामुळे १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपुरात 'श्रमिक एल्गार' या संघटनेच्या ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बायका वर्षानुवर्षे लढल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर बायका पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात दारूबंदी झाली. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. सरकारने दिलेली बंदी सरकार काढून घेऊ शकते. गावच्या बायकांनी आपल्या मतांनी बंद केलेल्या दुकानाची गोष्ट निराळी असते, कारण तिथे निर्णय त्यांचा असतो. म्हणून ही मतपत्रिका मोलाची.

ती हाती पडते कशी? २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी दुकान बंद करण्याची मागणी सह्यांनिशी करावी लागते. राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसे गावात येऊन सह्यांची पडताळणी करतात. अंगठा किंवा सही माझीच आहे, असे बाईला अधिकाऱ्यासमोर सांगावे लागते. समोरच्या टपरीवर कोण उभा राहून पाहतो आहे, हे तिला माहीत असते. पडताळणी पार पडली की जिल्हाधिकारी गुप्त मतदानाचा आदेश देतात.

खरी परीक्षा इथून पुढे. जिंकायला झालेल्या मतदानातले बहुमत पुरत नाही. गावच्या यादीत जेवढ्या महिला मतदार आहेत, त्यांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, यादीत १,००० बाया आहेत. ६०० मतदानाला आल्या. ४८० जणींनी आडवी बाटली निवडली, १२० जणींनी उभी. मत दिलेल्या दर पाच बायकांपैकी चौघींनी दुकान नको म्हटले, तरी दुकान चालूच राहते. कारण ५०१ चा आकडा गाठला गेला नाही. जी आली नाही, तिचे मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात जाते. ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन सासरी गेलेली पण नाव माहेरच्या यादीत राहिलेली, बाळंतीण, आजारी म्हातारी, एवढेच काय, मरण पावलेली पण यादीतून नाव न कमी झालेली. या साऱ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार-खासदार निवडताना हा नियम लावला, तर किती जण निवडून येतील?

अशा नियमापुढे जिंकायचे तर घरोघर बांधणी करण्यावाचून उपाय नसतो. कार्यकर्त्या आधी मतदार यादी मिळवतात आणि आळीवार वाटून घेतात. एकेका बाईकडे ठरावीक घरे. कोण परगावी आहे, कुणाला गाडीवर बसवून आणायचे, कुणाच्या लहान मुलाला तेवढा वेळ सांभाळायचे, कुणाची सासू आडवी येईल, याची नोंद ठेवली जाते. त्या दिवशी रोज बुडणार, म्हणून शेतमालकिणीशी आधीच बोलले जाते. मराठा आळी, माळी आळी, बौद्ध वस्ती, पारधी वस्ती अशा एरवी एकमेकींच्या ओट्यावर न बसणाऱ्या बायका एका यादीवर येतात, कारण एकीलाही वगळणे परवडत नाही. बचत गटांमुळे महिन्याच्या बैठकीची सवय आणि हिशेबाची वही तयार असते. सर्वसाधारण ग्रामसभेआधी होणारी महिला ग्रामसभा हे बोलण्याचे हक्काचे व्यासपीठ असते. दुकानाच्या बाजूने पैसा, धमकी आणि नवऱ्यांचा दबाव उभा राहतो. त्याला उत्तर एकीचेच.

दुकान बंद झाले की दारू संपते, असे कुणी समजू नये. हातभट्टी पेटते, शेजारच्या गावातून बाटल्या येतात, चोरटी विक्री सुरू होते. आडव्या बाटलीचे मतदान परवान्याच्या दुकानापुरते. बेकायदा दारू रोखणे हे पोलिसांचे आणि उत्पादन शुल्क खात्याचे काम आहे आणि ते नेटाने होत नाही, ही गावोगावची तक्रार खरी आहे. गडचिरोलीत बंदीनंतर दोन दशकांनी, २०१६ मध्ये, 'मुक्तिपथ' अभियान सुरू करावे लागले आणि गावागावांत बायकांच्या संघटना पुन्हा बांधाव्या लागल्या, ते याचसाठी. दारू थांबली म्हणून हात उगारण्याची सवयही आपोआप जात नाही. पण एकदा यादी हाती घेऊन गाव पालथे घातलेली बाई पुढे रेशन, पाणी, सातबाऱ्यावरचे नाव यांविषयी गप्प बसत नाही. मतदान हरलेल्या गावातही ही कमाई मागे उरते.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. निकाल प्रत्यक्ष पडलेल्या मतांच्या बहुमतावर लागावा आणि मतदानाआधी यादीतली मृत व स्थलांतरित नावे कमी करावीत. लोकशाहीत इतर निवडणुकांना जे माप लावले जाते, तेच खेड्यातल्या बायकांच्या मताला लावा, एवढीच ही मागणी आहे. वाचकांनी आपल्या गावात असा अर्ज फिरत असेल तर त्या बायकांच्या पाठीशी उभे राहावे. यादी तपासायला मदत करावी, मतदानाच्या दिवशी मजुरीला सुट्टी द्यावी आणि घरातल्या बाईला मतदान केंद्रापर्यंत निर्धास्त जाऊ द्यावे.