फ्लॅश पॉइंट: एका आकड्याची मोजणी आणि मर्यादा

ज्वलनशील द्रव पेटतो तेव्हा खरे तर जळत असते ती त्याची वाफ. ही वाफ हवेत पेट घेण्याइतकी जमते आणि ज्योत जवळ नेताच क्षणभर भडका उडतो, ते किमान तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. पेट्रोलसाठी ते उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, ॲसिटोनसाठी उणे २० च्या जवळ, टोल्युइनसाठी ४, तर निव्वळ इथाइल अल्कोहोलसाठी १३ च्या घरात. मुंबई उपनगरांत थंडीतही पारा १३ च्या खाली क्वचितच जातो. त्यामुळे मरोळच्या किंवा साकीनाक्याच्या गाळ्यात या चारपैकी कोणताही द्रव उघडा राहिला, तर तो जवळजवळ बारा महिने भडक्याच्या टप्प्यात असतो.

कायद्याचे वर्गीकरणही याच आकड्यावर उभे आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार २३ अंशांखालचा माल ‘अ’ वर्गात, २३ ते ६५ मधला ‘ब’ वर्गात आणि ६५ ते ९३ मधला ‘क’ वर्गात मोडतो. साठा, वाहतूक व परवाने यांचे नियम वर्गानुसार बदलतात आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. इंग्लंडच्या १८७९ च्या कायद्याने धोक्याची रेषा ७३ अंश फॅरनहाइटवर ओढली होती, म्हणजे जवळपास २३ सेल्सिअसवरच. तो आकडा ठरला फ्रेडरिक एबल यांच्या बंद कपाच्या उपकरणाने. त्याआधी उघड्या कपात चाचणी होई. वाफ वाऱ्यावर निघून जात असल्याने आकडा फसवा चढा येई आणि व्यापाऱ्यांना ते सोयीचे होते.

एबलचे उपकरण आजही वापरात आहे. पितळी कपात ठरावीक खुणेपर्यंत नमुना भरतात, भोवतीच्या पाण्याने तो सावकाश तापवतात आणि ठरावीक अंतराने झाकणाची सरकपट्टी उघडून मण्याएवढी ज्योत आत डोकावू देतात. जड तेलांसाठी पेन्स्की-मार्टेन्स कप वापरतात. त्यात नमुना सतत ढवळला जातो आणि तापमान मिनिटाला ५ ते ६ अंशांनी चढवतात. ज्योत आत सोडताना मात्र ढवळणे थांबवावे लागते. वंगणतेल आणि डांबर यांसाठी क्लीव्हलँडचा उघडा कप ठरलेला आहे.

खरी कसोटी असते डोळ्याची. भडक्याच्या जवळ आल्यावर ज्योतीभोवती निळसर वलय दिसू लागते आणि नवखा माणूस तिथेच आकडा लिहून मोकळा होतो. वलय म्हणजे फ्लॅश नव्हे; ज्योत द्रवाच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरली तरच नोंद घ्यायची. नमुन्याचीही तीच गत. बाटलीचे बूच सैल राहिले की हलके घटक उडतात आणि माल आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतो. उलट, डिझेलच्या टँकरमध्ये आधीच्या फेरीचे थोडे पेट्रोल उरले असले, तरी आकडा धाडकन खाली येतो. भेसळ पकडायला म्हणूनच ही साधी चाचणी उपयोगी पडते.

हवेचा दाबही हिशेबात धरावा लागतो. दाब १०१.३ किलोपास्कलहून जितका कमी, तितक्या प्रत्येक एककामागे पाव अंश मिळवायचा असतो. समुद्रसपाटीवरच्या मुलुंड-घाटकोपरात ही दुरुस्ती नगण्य ठरते. महाबळेश्वरच्या उंचीवर तोच नमुना तीन अंशांहून अधिक कमी आकडा दाखवेल.

फ्लॅश पॉइंटवरून सगळाच धोका कळतो, असे मानणे चूक आहे. ठिणगी नसतानाही पदार्थ कोणत्या तापमानाला आपोआप पेटेल, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी भट्टीत ठेवलेल्या ५०० मिलिलिटरच्या काचेच्या चंबूत नमुन्याचा बारीकसा अंश सोडतात आणि अंधाऱ्या खोलीत भडक्याची वाट पाहतात. येथे क्रम चक्क उलटतो: डिझेल पेट्रोलपेक्षा कमी तापमानाला आपोआप पेटते. हवेत किती टक्के वाफ धोक्याची, हे सांगणाऱ्या खालच्या-वरच्या मर्यादा आणखी निराळ्या. ॲसिटोनसाठी त्या सुमारे अडीच ते तेरा टक्के आहेत, हायड्रोजनसाठी ४ ते ७५.

भुकटीसाठी कप निरुपयोगी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत भुकटीची २५० मिलिमीटर लांबीची पट्टी पसरून एका टोकाला पेटवतात. धातूची भुकटी नसेल आणि १०० मिलिमीटर अंतर ४५ सेकंदांच्या आत जळाले, तर पदार्थ ज्वलनशील घन ठरतो. सेंद्रिय पेरॉक्साइडसारखी रसायने तर स्वतःच विघटन पावून तापतात. त्यांच्याबाबतीत कोणत्या तापमानाला हे विघटन आवरेनासे होते ते शोधावे लागते. अशा मालाला केवळ फ्लॅश पॉइंटवरून निर्धोक म्हणणे हा शुद्ध अडाणीपणा आहे.

उपनगरांत या विद्येची ठिकाणे बरीच आहेत. माहुलचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ पासून चालू आहेत आणि फ्लॅश पॉइंट ही तिथल्या प्रयोगशाळांची रोजची चाचणी आहे. भारतीय मानक ब्युरोचे पश्चिम विभागीय कार्यालय उपनगरांतच आहे. संशयास्पद आगीतले अवशेष तपासणारी राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा कलिन्याला आहे. घाटकोपरच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरची ‘बीटीआरए’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था कापडाची आणि त्यावरच्या अग्निरोधक रसायनांची परीक्षा करते. येथे महत्त्वाचा असतो ऑक्सिजन निर्देशांक. जळते कापड जळतच राहायला किती टक्के ऑक्सिजन लागतो, हे त्यातून कळते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. साध्या सुती कापडाला सुमारे १८ पुरतो, लोकरीला २५ लागतो. चाचणीआधी कापड २७ अंश तापमानात आणि ६५ टक्के आर्द्रतेत मुरवावे लागते. नाही तर जुलैतला ओलसर नमुना मेमधल्यापेक्षा उगाच शहाणा ठरायचा.

या सगळ्या यंत्रणेबाहेर राहतो तो सुटा थिनर. रंगाच्या दुकानात कॅनमधून विकल्या जाणाऱ्या या मिश्रणाचे घटक खेपेगणिक बदलू शकतात, म्हणून एका खेपेचा अहवाल दुसरीला लागू पडत नाही. दुकानदाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागावे आणि त्यात फ्लॅश पॉइंट कोणत्या कपाने मोजला ते पाहावे. ते मिळाले नाही, तर तो थिनर २३ अंशांखालचा धरूनच ठेवावा.