शेगावच्या गव्हातून आरोग्यधोरणाकडे

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील माणसांचे केस गळू लागले. कंगव्यात चार केस जास्त यावेत, इतके साधे हे गळणे नव्हते. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की पुंजका हातात आणि तीन-चार दिवसांत डोके उघडे. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. त्यांत शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीही होत्या. काहींचे शिक्षण थांबले, काहींच्या लग्नात अडथळे आले. केस पुढे अनेकांचे परत उगवू लागले, हे खरे. पण आपल्या वर्गातली मुलगी डोक्यावरचा पदर धरून बसते आहे, असे शिक्षकाने क्षणभर मनात आणून पाहावे.

पहिला संशय पाण्यावर गेला आणि ते स्वाभाविक होते. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. पाणी तपासले तर त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेच. बुरशीचाही विचार झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके येऊन नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरील उपचारांमुळे आपल्या परिचयाचे असलेले डॉ. हिम्मतराव बावसकर यांनीही स्वतः गावांत जाऊन नमुने तपासून घेतले. त्यांनी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट होते. रेशनच्या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे सुमारे १४.५ मिलिग्रॅम सेलेनियम सापडले.

सेलेनियम हे आवर्तसारणीत गंधकाच्या लगेच खाली बसणारे मूलद्रव्य. केसांमधील केरॅटिन या प्रथिनाला बळकटी येते ती गंधकाच्या बंधांमुळे. शरीरात सेलेनियम फार झाले की ते गंधकाची जागा घेऊ लागते आणि केस व नखे कमकुवत होतात, असे सामान्यतः मानले जाते. गंमत अशी, की थोडे सेलेनियम आपल्याला लागतेच: रोज सुमारे ४० मायक्रोग्रॅम. प्रौढांनी दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. आता विद्यार्थ्यांना फळ्यावर गणित घालू या. दिवसाला ३०० ग्रॅम गहू पोटात गेला आणि तो वरच्या नमुन्यासारखा असला, तर किती सेलेनियम जाईल? उत्तर ४,३५० मायक्रोग्रॅम, म्हणजे कमाल मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट. चीनमधील हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात लोकांचे केस व नखे गळली, तेव्हा बाधित गावांत रोजचे सेवन सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम होते, असे नंतरच्या मोजणीत दिसले. एप्रिल २०२५ मध्ये शेगाव परिसरातल्याही काही रुग्णांची नखे ठिसूळ होऊन गळाल्याच्या नोंदी आल्या.

इथवर रसायनशास्त्र आणि वैद्यक. धोरणाचा अभ्यास खरा इथून पुढे सुरू होतो.

रेशनचा गहू मुख्यतः पंजाब-हरियाणाकडून येतो. पंजाबातील नवांशहर आणि होशियारपूर भागात शिवालिक टेकड्यांवरून वाहून आलेल्या मातीत सेलेनियम विपुल आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकापासून यावर सविस्तर लिहिले आहे. म्हणजे माहिती होती. ती मृदाशास्त्राच्या नियतकालिकांत होती. धान्याच्या सरकारी खरेदीत ओलावा, कचरा, फुटके व सुरकुतलेले दाणे पाहतात. सेलेनियम पाहण्याचा तिथे नित्याचा प्रघात नाही. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळणारे माणशी पाच किलो धान्य ज्याच्या ताटात जाते, त्याला पोते कोठून आले हे विचारण्याची सोय नाही. तीन ठिकाणची तीन माणसे, आणि त्यांना जोडणारा कोणी नाही. हे जोडकाम कोणाचे, त्यासाठी कायदा हवा की नुसता आदेश पुरे, तपासणीचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न आरोग्यधोरणाचे.

या विषयाचा चांगला विद्यार्थी मात्र गव्हालाही लगेच दोषी धरणार नाही. तोच गहू आणखी कोठे वाटला गेला? तेथे केस का गळाले नाहीत? एकाच गावात रेशन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या घरांत फरक दिसला का? अशी तुलना झाल्याशिवाय पुरावा पक्का होत नाही. आमच्या मते गव्हाविषयीचा संशय बळकट आहे. पण संशयाला पुरावा म्हणण्याची घाई धोरणकर्त्याला परवडत नाही.

मर्यादेचा आकडाही पाहण्याजोगा आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किती सेलेनियम चालेल? जागतिक आरोग्य संघटना ०.०४ मिलिग्रॅम म्हणते, तर आपले भारतीय मानक ०.०१. मूलद्रव्य तेच, माणूस तोच, आकडा चौपट. कारण मर्यादा निसर्गात सापडत नाही. इतर अन्नातून किती मिळते, सावधगिरी किती बाळगायची, हे गृहीत धरून ती माणसे ठरवतात. फिनलंडच्या मातीत सेलेनियम कमी, म्हणून त्या देशाने १९८४ मध्ये ते खतांत मिसळण्याचाच निर्णय घेतला. एका देशात जे औषध, तेच दुसरीकडे विष. जागतिक नियम आपल्या तालुक्यात लावताना हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

हे शिकवतात कोठे? लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने जागतिक आरोग्यधोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवला आहे. परदेशी शुल्क आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणारे नसते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी १९९७ पासून आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने आणि पुणे विद्यापीठानेही असे अभ्यासक्रम चालवले आहेत. अशा बऱ्याच अभ्यासक्रमांना डॉक्टर असण्याची अट नसते, हे बारावीच्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. रोगपरिस्थितीविज्ञान, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा असे सारे तेथे एकत्र येते.

महाराष्ट्रातून ही वाट उलट दिशेनेही गेली आहे. रजनीकांत व मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात त्या कामाची हकिकत आली आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेआधीच्या चर्चेत तिचा वाटा होता. डॉ. अभय व राणी बंग त्याच विद्यापीठात शिकले. गडचिरोलीत गावातील बाईलाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्ती देशभर नवजात बाळ पाहायला घरी जाऊ लागल्या.