शेततळ्याचा हिशेब : आधी कागद, मग संगणक

शेततळ्यातील पाणी द्राक्षबागेला मेअखेर पुरेल काय, हे संगणक सांगू शकतो. परंतु पाणी येते कोठून व जाते कोठे, याचा आराखडा आधी कागदावर मांडावा लागतो. यालाच संकल्पनात्मक प्रतिमान म्हणतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्यातील काही मुरते, उरलेले वाहते. प्लॅस्टिकचे अस्तर असल्यास पाझर वगळता येतो, बाष्पीभवन मात्र नाही. चूक बहुधा पुढे होते. जालना जिल्ह्यातील कडवंची परिसरात अनेक तळी विहिरीच्या पाण्याने भरली जातात. विहिरीकडून येणारा हा बाण आराखड्यात राहून गेला, तर संगणकाचा हिशेब चुकेल. विहीर खाली जात असल्याचे कळणारही नाही.